भाचा स्वखुशीने परदेशी गेला होता. मग हा मानवी व्यापार ठरतो का?

प्रश्न : वेदगंगाकाठचा मामा

नमस्कार. मी निपाणी तालुक्यातील एका खेड्यात राहतो. थोडी शेती आणि दूध संस्थेतील हिशेबाचे काम एवढाच माझा व्याप आहे. कायद्याची जाण नाही, म्हणून येथे विचारतो आहे.

माझा भाचा, वय चोवीस, बी.कॉम. झालेला, ऑगस्ट २०२४ मध्ये थायलंडला गेला. कोगनोळी सीमानाक्यापलीकडच्या, महाराष्ट्रातील एका शहरातील एजंटाशी त्याची गाठ कॉलेजातील मित्राने घालून दिली होती. संगणकावर माहिती भरण्याचे काम, महिना सत्तर हजार पगार, राहणे-जेवण कंपनीकडे, असे सगळे बोलणे व्हॉट्सअ‍ॅपवर झाले. एजंटाने दोन लाख चाळीस हजार मागितले. बहिणीचे गंठण आणि पाटल्या गहाण ठेवून आम्ही एक लाख ऐंशी हजार भरले. उरलेले साठ हजार पगारातून कापून घेऊ, असे तो म्हणाला.

बँकॉकच्या विमानतळावर एक गाडी घ्यायला आली होती. सात-आठ तास ती चालतच राहिली आणि रात्री एका नदीकाठी थांबली. भाचा सांगतो की नदी आपल्या वेदगंगेएवढीच होती आणि होडीत बसेपर्यंत पलीकडचा काठ आलाही. मोबाईलवर देशाचे नाव बदललेले दिसले तेव्हा आपण म्यानमारमध्ये, म्यावड्डीला आहोत हे त्याला कळले. पासपोर्ट काढून घेतला गेला. काम असे की, मुलीच्या नावाने खाती उघडायची, परदेशातील एकट्या माणसांशी गोड बोलायचे आणि त्यांना खोट्या गुंतवणुकीत पैसे घालायला लावायचे. पहिल्याच आठवड्यात त्याने नकार दिला, तेव्हा दोन दिवस जेवण बंद केले आणि भर उन्हात पाण्याचे दोन कॅन हातात धरून उभे केले. घरी जायचे असेल तर पाच लाख भर, असे सांगितले. मार्च २०२५ मध्ये थायलंडमधील मे सोटहून हवाई दलाच्या विमानाने जे भारतीय आणले गेले, त्यांत तो परतला.

आता अडचण अशी आहे की, इकडच्या पोलीस ठाण्यात म्हणतात, एजंट महाराष्ट्रातला आहे, तिकडे जा. तिकडच्या ठाण्यात म्हणतात, तुमचा पत्ता कर्नाटकातला आहे, तिकडेच तक्रार द्या. एका अधिकाऱ्याने तर सरळ ऐकवले की, मुलगा सज्ञान आहे, शिकलेला आहे, स्वखुशीने पैसे भरून गेला आहे, यात तस्करी कुठे आली? वर, त्याने तिथे लोकांना फसवलेच आहे, तर फार खोलात जाऊ नका, उलट अंगाशी येईल, असेही सुचवले. एजंटाचा माणूस मात्र राहिलेल्या साठ हजारांसाठी घरी येऊन बसतो. आम्ही तक्रार करावी की गप्प बसावे?

उत्तर १ : बेळगाव कोर्टाच्या आवारातून

मामा, तक्रार अवश्य करा. मी फौजदारी वकिली करतो. तुमची कागदपत्रे पाहिलेली नसल्यामुळे जे सर्वसाधारणपणे सांगता येते तेवढेच सांगतो.

प्रथम शब्दांचा गुंता सोडवू, कारण अर्धा घोटाळा आपल्या भाषेमुळेच होतो. मराठीत चंदनाची तस्करी, सोन्याची तस्करी आणि माणसांचीही तस्करीच. त्यामुळे ‘तस्करी’ म्हटले की सीमेवरून चोरून काहीतरी नेणे, एवढेच डोळ्यांपुढे येते. संयुक्त राष्ट्रांनी २००० साली संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या कराराला जोडून दोन वेगवेगळे करारनामे केले, ते याच कारणासाठी. एक स्थलांतरितांच्या चोरट्या वाहतुकीविरुद्धचा आणि दुसरा माणसांच्या व्यापाराविरुद्धचा. भारताने हे दोन्ही २०११ मध्ये स्वीकारले. चोरट्या वाहतुकीत पैसे घेऊन माणसाला बेकायदा सीमेपार पोहोचवतात आणि तेथे तो व्यवहार संपतो. तो गुन्हा मुख्यतः राज्याविरुद्ध असतो. माणसांच्या व्यापारात माणूस पोहोचल्यावरच खरा धंदा सुरू होतो. तो गुन्हा त्या माणसाविरुद्ध असतो आणि त्यासाठी सीमा ओलांडावीच लागते असे नाही. तुमच्या भाच्याच्या बाबतीत दोन्ही घडले आहे. होडीतील दोन मिनिटे ही चोरटी वाहतूक होती. पासपोर्ट काढून घेतल्यापासून विमानात बसेपर्यंतचे महिने हा दुसरा, अधिक गंभीर प्रकार आहे. होडीबद्दल त्याला दोषी धरण्याची भीतीही मनातून काढा, कारण चोरट्या वाहतुकीविरुद्धच्या करारनाम्याचे पाचवे कलमच सांगते की, ज्याला असे नेले गेले त्याच्यावर केवळ तेवढ्यासाठी खटला भरू नये.

आता ‘स्वखुशी’. भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ वाचा. ते १ जुलै २०२४ पासून लागू आहे आणि भाचा ऑगस्टमध्ये गेला, म्हणून तेच लावायचे. त्याआधी गेला असता तर जुन्या दंड संहितेचे कलम ३७० आले असते. या कलमात तीन गोष्टी पाहायच्या असतात. माणसाला भरती करणे, नेणे, ठेवून घेणे किंवा ताब्यात घेणे ही कृती. धमकी, जबरदस्ती, अपहरण, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर किंवा प्रलोभन हे साधन. आणि शोषण हा हेतू. तिन्ही जुळल्यावर कलमाखालील स्पष्टीकरण स्वच्छ शब्दांत सांगते की, पीडिताची संमती गैरलागू आहे. माहिती भरण्याच्या कामाला दिलेली संमती ही ओलीस राहून लोकांना लुबाडण्याला दिलेली संमती नव्हे. एका व्यक्तीच्या बाबतीत किमान सात आणि कमाल दहा वर्षांची शिक्षा आहे. एकाहून अधिक व्यक्तींना नेले असल्यास किमान दहा वर्षे आणि कमाल जन्मठेप. म्हणून त्याच एजंटाने आणखी कोणाला पाठवले आहे काय, याची चौकशी जरूर करा.

येथे एक अडचण लपवत नाही. आंतरराष्ट्रीय करारनाम्यातील शोषणाच्या व्याख्येत ‘सक्तीचे श्रम’ हे शब्द आहेत, आपल्या कलमात ते नाहीत. आपल्याकडे शारीरिक शोषण, गुलामगिरी, गुलामगिरीसारख्या प्रथा, दास्य असे शब्द आहेत. त्यामुळे तक्रारीत ‘जास्त काम करवून घेतले’ असे मोघम लिहू नका. दाराला बाहेरून कुलूप होते का, पासपोर्ट कोणाकडे होता, सुटकेची किंमत किती सांगितली, नकाराची शिक्षा काय होती, हे दिवसवार लिहा. त्याच्या जोडीला बेकायदा सक्तीचे श्रम (कलम १४६), डांबून ठेवणे आणि फसवणूक ही कलमे मागा. एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणीकृत आहे का, हे ई-मायग्रेट संकेतस्थळावर दिसते. नोंदणी नसताना भरती करणे हाच १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली गुन्हा आहे, आणि नोंदणीकृत एजंटालाही सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये व त्यावरील कर, याहून अधिक घेता येत नाही. तुमच्याकडून किती घेतले ते तुम्हीच पाहा.

ठाण्यांची टोलवाटोलवी मात्र पूर्णपणे चुकीची आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीचा नवा कायदा, तिच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, नोंदवून घ्यावीच लागते. तिला झिरो एफआयआर म्हणतात. शिवाय कलम २०२ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक संदेशांद्वारे फसवणूक झाली असेल तर संदेश जेथून पाठवला आणि जेथे मिळाला, अशा दोन्ही ठिकाणी खटला चालू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश तुमच्या गावात आले, पैसे तुमच्या गावातून गेले, मग हद्दीचा प्रश्न उरतो कुठे? तरीही घेतले नाही तर तक्रार टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवा आणि तेथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

उत्तर २ : जुना बँकवाला

मी थोडे कटू बोलतो, राग मानू नये. माझ्या निवृत्त मेव्हण्याचे अकरा लाख अशाच गोड बोलणाऱ्या ‘मुली’ने नेले. त्यांनी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला तोवर दोन दिवस उलटून गेले होते. खात्यात हाती काही उरले नव्हते. त्या ‘मुली’च्या नावामागे कोणाचा तरी भाचाच बसलेला असणार. वकीलसाहेब संमतीचे कलम सांगतात ते मान्य आहे, परंतु ज्याचे पैसे गेले त्याने या मुलाला पीडित म्हणायचे, हे मला पचत नाही. सगळेच ‘आम्हाला बळजबरीने करायला लावले’ म्हणू लागले तर गुन्हेगार उरतो कोण?

उत्तर ३ : उसाच्या फडावरून, चिकोडी

मेव्हण्यांचे वाईट वाटले. परंतु स्वखुशी या शब्दावर मला माझ्याच बांधावरची एक गोष्ट सांगावीशी वाटते.

आमच्या भागात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीडच्या, जतच्या, विजापूरकडच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम पावसाळ्यातच गावी जाऊन उचल देऊन येतो आणि ती उचल फिटेपर्यंत कोयता त्याचा. सात-आठ वर्षांपूर्वी माझ्या फडात एक जोडपे होते. बाईला ताप भरत होता, तरी पहाटे तीनला ती मोळ्या बांधायला उभी असे. नवऱ्याने मला विचारले, ‘मालक, गावी जातो, एवढे मुकादमाला सांगाल का?’ मी सांगितले. मुकादमाने खिशातून वही काढली. पानाला गुळाचे बोट लागलेले होते, ते मला अजून आठवते. ऐंशी हजारांची उचल, त्यातून तोडलेल्या टनांचे वजा, पुन्हा किराण्याचे, औषधाचे, मोडलेल्या जुवाचे अधिक. जानेवारी संपत आला तरी सत्तर हजार बाकी! आणि त्यांचा दहा वर्षांचा मुलगा मुकादमाच्या घरी गुरे राखायला ठेवलेला होता, ‘हमी म्हणून’. मी काय केले असेल? मी त्या माणसालाच समजावले की, बाबा, पैसे घेतलेस तर फेडून जा. मला ते न्यायाचे वाटले होते.

पुढे एका तलाठीमित्राने १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा हातात दिला, तेव्हा समजले की मी कोणाची बाजू घेतली होती. आगाऊ रकमेपोटी माणसाची जाण्याची मोकळीक हिरावली की ती वेठबिगारी झाली आणि ते कर्ज कायद्यानेच नाहीसे होते. कर्ज वेठबिगारीचे नव्हते, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही सावकारावर असते, मजुरावर नव्हे. आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये याहून पुढे जाऊन सांगितले की, किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबणे हेसुद्धा घटनेच्या कलम २३ मधील सक्तीचे श्रमच होत, कारण भूक हीही सक्ती असते.

मामांच्या भाच्याचे साठ हजार ही मला तरी तीच उचल दिसते. आधी कर्जात बांधायचे, मग जाण्याची वाट बंद करायची. म्यावड्डीतील मालकाने वहीऐवजी संगणक वापरला असेल, एवढाच फरक. ते साठ हजार देऊ नका. तो माणूस पुन्हा आला तर त्याचे बोलणे मोबाईलवर नोंदवून ठेवा.

उत्तर ४ : निपाणीची ताई

मी बरीच वर्षे निपाणी, चिकोडी, रायबाग भागांत देवदासी म्हणून सोडलेल्या स्त्रियांमध्ये काम केले. कलमे वकीलदादांनी सांगितली आहेत. मी घरात काय करायचे ते सांगते.

‘तुझी मर्जी होती ना’ हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला आहे. जट आली म्हणून, घरात मुलगा नाही म्हणून, आजारपणाचा नवस म्हणून आठ-दहा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने दर्शन, म्हणजे मण्यांची माळ, बांधायचे, आणि वयात आली की ओळखीची बाई तिला मुंबईला किंवा पुण्याला घेऊन जायची. बापाच्या हातात पैसे पडलेले असायचे. पोलिसांनी विचारले तर मुलगी म्हणायची, ‘मी माझ्या मनाने आले.’ कर्नाटकाच्या १९८२ च्या देवदासी बंदी कायद्यात आई-बाप किंवा नातेवाइकांनीच मुलीला सोडले असेल तर शिक्षा अधिक कडक ठेवली होती, कारण होकार कोण कोणाच्या वतीने देतो, हे कायदा करणाऱ्यांना माहीत होते. आपल्या सीमाभागाला हा धंदा परदेशातून शिकावा लागलेला नाही.

आता भाच्याविषयी. त्याला झोप लागत नसेल, मोबाईल वाजला की दचकत असेल, आणि गावात विचारले की ‘काही नाही, कंपनी बुडाली’ असे सांगत असेल, तर नवल मानू नका. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्यापुढे त्याला ती हकिकत पुन्हा सांगायला लावू नका. एकदाच, त्याला सोयीच्या वेळी, एका विश्वासाच्या माणसासमोर सांगू द्या. तो बोलेल तसे लिहून घ्या आणि तारखा आठवत नसतील तर सणांवरून काढा. दसऱ्याला कुठे होतास, संक्रांतीला काय झाले, असे विचारले की माणसाला आठवते. तज्ज्ञांशी बोलायचे असल्यास १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक मोफत आहे.

दुसरे, वकिलाच्या खर्चाची धास्ती घेऊ नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये माणसांच्या व्यापाराचा किंवा वेठबिगारीचा पीडित हा मोफत वकील मिळण्यास पात्र आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. बेळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या. पीडित नुकसानभरपाईचा अर्जही तेथेच होतो.

परंतु खोटी आशा दाखवणार नाही. सुटका झालेल्यांसाठीच्या आपल्या सरकारी योजना बहुतेक स्त्रिया आणि मुले डोळ्यांपुढे ठेवून बेतलेल्या आहेत. पूर्वीची उज्ज्वला आणि आताचे शक्ती सदन स्त्रियांसाठी आहे. मुलांसाठी बालकल्याण समिती आहे, जिच्यापुढे सापडलेल्या मुलाला चोवीस तासांत हजर करावे लागते. चोवीस वर्षांच्या पदवीधर पुरुषाला बळी म्हणून कोणत्या खिडकीवर पाठवायचे, हे अधिकाऱ्यांनाच सुचत नाही. तुमच्याशी ते तसे बोलले, त्यात उद्धटपणा असेलच, पण हेही एक कारण आहे. खरे तर निवारागृहांतही सगळे गोड नसते. मी सोडवून आणलेल्या कितीतरी बायकांना तेथील कुलूप आणि कोठ्याचे कुलूप यांत फरक वाटला नाही. त्या मानाने भाचा स्वतःच्या घरी आहे, हे मला बरे वाटते.

उत्तर ५ : बेळगाव कोर्टाच्या आवारातून

बँकवाल्या काकांचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. माणसांच्या व्यापाराच्या बळीने दबावाखाली केलेल्या गुन्ह्यासाठी त्याला शिक्षा करू नये, असे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २००२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मांडले आहे. आपल्या न्याय संहितेत मात्र तसे थेट कलम नाही. जे आहे ते धमकीने करवून घेतलेल्या कृत्याबद्दलचे कलम ३२, जुन्या दंड संहितेतील ९४. ते फार अरुंद आहे. तत्काळ मृत्यूची रास्त भीती होती, आणि त्या परिस्थितीत माणूस आपण होऊन शिरलेला नव्हता, हे दोन्ही दाखवावे लागते. उपाशी ठेवणे त्यात बसेलच असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. परंतु फसवणुकीच्या गुन्ह्याला मुळात अप्रामाणिक हेतू लागतो, आणि कुलपाआड बसवलेल्या, पैसा स्वतःच्या हाती न पडलेल्या माणसाचा हेतू कोणता, हा प्रश्न कोर्टापुढे मांडता येतो. महिनोन्‌महिने मजेत राहून टक्केवारी घेणारा आणि पहिल्या आठवड्यात नकार देऊन उन्हात उभा राहिलेला, यांत फरक करावाच लागेल. म्हणूनच आधी स्वतः जाऊन तक्रार देणे भाच्याच्या हिताचे आहे. गप्प राहिला आणि उद्या दुसऱ्या राज्यातील तपासात त्याचे नाव निघाले, तर तो आरोपी म्हणूनच प्रथम दिसेल.

काका, तुमच्या मेव्हण्यांची तक्रार आणि भाच्याची साक्ष या एकाच साखळीच्या दोन कड्या आहेत. खाती कोण हाताळत होते, पैसे कोठे वळवले जात होते, हे आतून आलेली मुलेच सांगू शकतात.

भाच्याला तपासणीत कोणी अडवले नाही, त्याचेही कारण सांगून ठेवतो. थायलंड हा परदेशी रोजगारासाठी परवानगी लागणाऱ्या अठरा देशांच्या यादीत आहे, पण ही परवानगी दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टपुरती असते. आखातात जाणाऱ्या गवंडी-मजुरांसाठी विणलेली ती जाळी आहे. पदवीधर मुलगा पर्यटक म्हणून तिच्यातून सहज निसटतो, आणि एजंटांना हे नेमके ठाऊक असते.

वेदगंगाकाठचा मामा

सर्वांचे आभार. काल जाऊन आलो. भाच्याने तीन रात्री बसून अकरा पाने लिहिली. ताईंनी सांगितल्याप्रमाणे सणांवरून तारखा काढल्या. गणपतीत पासपोर्ट गेला आणि नरकचतुर्दशीला पहिली मारहाण झाली, असे धागे जुळत गेले.

ठाण्यात पुन्हा तेच सुरू झाले. या वेळी अडचण भाषेची निघाली. तक्रार मराठीत आहे, कन्नडमध्ये आणा. सोबत आमचे एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी शांतपणे सांगितले की, राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाणे मांडणारा अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो, आणि तरीही आपली अडचण होऊ नये म्हणून आम्ही कन्नड भाषांतरही आणले आहे. दोन्ही प्रती टेबलावर ठेवल्या. ठाण्यातील एका तरुण महिला फौजदारांनी कन्नड प्रत उभ्यानेच वाचायला घेतली आणि चौथ्या-पाचव्या पानावर आल्यावर खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी भाच्याला एकच प्रश्न विचारला, ‘तुझ्या खोलीत आपल्या बाजूची आणखी मुले होती का?’ त्याने चार नावे सांगितली. त्यांतील दोन मुले अजून परतलेली नाहीत.

एफआयआरची प्रत मिळाली आहे. कलम १४३ लागले आहे, १४६ लागलेले नाही; ते वकीलसाहेबांना दाखवण्यासाठी सोमवारी बेळगावला येतो. त्या दोन मुलांपैकी एकाची आई खानापूरजवळ राहते. तिला अजून वाटते की मुलगा नोकरीत रमला आहे, म्हणून फोन करत नाही. तिच्याकडे जायचे आहे. काय बोलायचे ते सुचत नाही. ताई, शक्य असल्यास आपण बरोबर याल का?